१०० एमबीपीएसचा प्लॅन, ओटीवर ठीक आणि मागच्या पडवीत नेट रडतंय, काय करू?

पडवी_ऑफिस:
नमस्कार मंडळी, डोकं फिरलंय म्हणून इथे विचारतेय. देवरुखजवळ गावात आमचं घर आहे, जुनं चिऱ्याचं. कंपनी पुण्याची पण मी आता घरूनच काम करते. तालुक्यातल्या एका केबलवाल्याकडून फायबर घेतलंय, १०० एमबीपीएसचा प्लॅन. बॉक्स लावलाय ओटीवर टीव्हीच्या वर, कारण वायर तिथूनच आत आली आणि माणसाला दहा मिनिटांत पुढच्या घरी पळायचं होतं. ओटीवर बसून मोबाईलवर स्पीडटेस्ट मारली की ६०-७० येतात, माजघरात ३० च्या आसपास, आणि मागच्या पडवीत जिथे मी टेबल-खुर्ची टाकलीय तिथे ५-६, कधी कधी २. मधे दोन जाड भिंती आणि माजघरात एक लोखंडी कपाट आहे ते हलणार नाही, त्याला हात लावायचा नाही असा घरात कायदा आहे.

नुसतं एवढंच असतं तर मी ओटीवर बसून काम केलं असतं. पण संध्याकाळी आठनंतर ओटीवर बॉक्सच्या खाली बसलं तरी कॉल तुटतो, आवाज रोबोटसारखा येतो, आणि आमचा क्लायंट अमेरिकेतला त्यामुळे महत्त्वाचे कॉल नेमके त्याच वेळी. भाऊ म्हणतो रिपीटर घे, म्हणजे वायफाय पकडून पुढे फेकणारा डबा. केबलवाला म्हणतो मॅडम ३०० चा प्लॅन घ्या म्हणजे मागेपण पोचेल. ऑफिसमधल्या एकाने डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणारी सेवा) बदलायला सांगितलं, बदललं, काडीचा फरक नाही. ऑनलाइन मेशचा सेट (आपसात बोलणारे दोन-तीन वायफाय डबे) बघून ठेवलाय, घेऊ का? मोबाईलचा हॉटस्पॉट सांगू नका, पडवीत रेंजची एक कांडी येते ती पण मनात असेल तर.

नेटाने:
ताई, आधी काहीच विकत घेऊ नका. मेश नको, रिपीटर नको, ३०० चा प्लॅन तर मुळीच नको.

तुम्ही जे लिहिलंय त्यात मला दोन वेगळी दुखणी दिसताहेत आणि तुम्ही (आणि सल्ले देणारे सगळे) ती एकत्र करताय. पडवीत कमी स्पीड हे दिवसभराचं दुखणं आहे, ते वायफायचं आणि भिंतींचं. रात्री आठनंतर बॉक्सखाली बसून पण कॉल तुटतो हे वायफायचं नसावं, भिंत काय रात्री जाड होत नाही. ते एकतर तुमच्या घरातूनच कोणीतरी लाईन भरून टाकतंय किंवा केबलवाल्याच्या मागे गर्दी आहे. पहिल्यावरचा इलाज दुसऱ्याला चालत नाही, म्हणूनच लोक पाच-सहा हजार घालतात आणि परत इथेच येऊन विचारतात.

तर वायफाय बाजूला ठेवा. लॅपटॉपला लॅनची वायर लावा, थेट बॉक्सला. लॅपटॉपला ते भोक नसेल तर यूएसबीचं छोटं अडॅप्टर मिळतं, ते मात्र घेऊन ठेवाच, पुढे कायम कामाला येतं. सकाळी लवकर एकदा टेस्ट मारा आणि रात्री कॉल तुटतो त्याच वेळी एकदा मारा. टेस्ट दोन वेगवेगळ्या मारा, एक नेहमीची स्पीडटेस्ट आणि एक फास्ट डॉट कॉम. का ते नंतर सांगतो. त्याच वेळी एका काळ्या खिडकीत (कमांड प्रॉम्प्ट) पिंग, म्हणजे उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोजणारी कमांड, चालू ठेवा बॉक्सच्या पत्त्यावर (बहुतेक १९२.१६८.१.१ असेल, बॉक्सच्या पोटावर छापलेला असतो) आणि दुसऱ्या खिडकीत ८.८.८.८ वर (गूगलचा सर्व्हर). वायरवर बॉक्सचा पिंग एक-दोन मिलिसेकंद आला पाहिजे. तो नीट आणि ८.८.८.८ चा बोंबललेला म्हणजे भानगड घराबाहेरची.

आणि बॉक्सचं मॉडेल काय, त्यात वायफायचा ५ गिगाहर्ट्झचा पट्टा आहे का नुसता २.४? मोबाईलवर वायफायच्या यादीत दोन नावं दिसतात की एकच? एक दिसलं म्हणजे ५ नाहीच असं नाही, काही बॉक्स दोन्ही एकाच नावाखाली लपवतात, म्हणून मॉडेलच सांगा.

डीएनएसबद्दल, ते बदलून साइट उघडायला सुरुवात जराशी लवकर होते, झालीच तर. एकदा पत्ता सापडला की पुढचा स्पीड डीएनएसच्या हातात नसतो. हा सल्ला लोक का देतात तर तो फुकट आहे म्हणून.

खवचट_काका:
३०० चा प्लॅन घेतला की भिंत पातळ होते हे आजच कळलं, बांधकाम खात्याला कळवायला हवं.

ताई एक गंमत सांगतो. २००४ च्या ब्रॉडबँड धोरणात २५६ केबीपीएस म्हणजे ब्रॉडबँड अशी व्याख्या होती. मग ती ५१२ केबीपीएस झाली आणि जानेवारी २०२३ मध्ये २ एमबीपीएस. म्हणजे तुमच्या पडवीत वाईटात वाईट दिवशी २ येतात ते पण सरकारच्या लेखी रीतसर ब्रॉडबँड आहे, तक्रार कसली करता.

आणि अजून एक, कोणी डाउनलोड करताना १०-१२ एमबी दिसतंय म्हणून केबलवाल्याला शिव्या देत असेल तर थांबा. प्लॅन असतो मेगाबिटमध्ये, ब्राउझर दाखवतो मेगाबाइट, आठाने भागा. १०० चे साडेबारा होतात. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर ह्यावरून दर दोन महिन्यांनी मारामारी होते.

गुहागरकर७:
आमच्याकडे पण सेम घर, चिऱ्याच्या भिंती, वर कौलं. आम्ही रिपीटर लावला आणि बरं चाललंय, उगाच घाबरवू नका लोकांना. माझं निरीक्षण सांगतो, पावसाळ्यात मागच्या खोलीत नेट आणखी ढेपाळतं. भिंती ओल धरतात ना, जांभा किती पाणी पितो माहितीये. पाणी सिग्नल खातं हे खरं आहे की माझा भ्रम माहीत नाही पण मार्च-एप्रिलमध्ये सगळ्यात मस्त चालतं.

नेटाने:
@गुहागरकर७ भ्रम नाही, ओल्या भिंतीतून सिग्नल कमीच होतो, आणि ५ गिगाहर्ट्झचा २.४ पेक्षा जास्त कमी होतो. रिपीटरला मी सरसकट वाईट म्हणत नाही, तुम्हाला मागे सिनेमा बघायचा असेल तर चालून जाईल. पण साधा रिपीटर ज्या चॅनलवर ऐकतो त्याच चॅनलवर पुढे बोलतो, म्हणजे प्रत्येक गोष्ट हवेत दोनदा जाते आणि स्पीड साधारण अर्धा होतो. शिवाय लोक तो लावतात कुठे, तर जिथे नेट येत नाही तिथेच! त्याला स्वतःला २ चा सिग्नल मिळतोय, तो पुढे काय १० देणार. लावायचाच तर मधल्या वाटेवर, जिथे अजून चांगला सिग्नल आहे तिथे. वायर न टाकता मेश लावलं तर तिथेपण गोष्ट तीच, दोन डब्यांचं आपसातलं बोलणं त्याच भिंतीतून होणार. महागातल्या मेशला त्यासाठी वेगळा बँड असतो म्हणून जरा बरं चालतं. पण ताईंना कॉल करायचेत, कॉलला स्पीडपेक्षा पिंग स्थिर लागतो, आणि तिथे वायरला पर्याय नाही.

डोंबिवलीचा_डब्बा:
धागा कोकणातल्या घराचा आहे पण फ्लॅटवाले वाचत असतील म्हणून लिहितो. आमच्याकडे भिंत हा प्रॉब्लेमच नाही, शेजारी हा प्रॉब्लेम आहे. मोबाईलवर वायफाय अॅनालायझर अॅप लावून बघा, आमच्या हॉलमध्ये तीसेक नावं दिसतात आणि अर्धी एकाच चॅनलवर बसलेली. २.४ मध्ये एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच, १, ६ आणि ११. त्यातला जो त्यातल्या त्यात मोकळा तो हाताने सेट करा आणि चॅनल विड्थ २० वर ठेवा, ४० केलं की तुम्ही अर्धा बँड खाता आणि शेजारी तुमचा अर्धा खातात. लोक शहाणपणा करून ३ किंवा ८ घेतात, त्याने दोन्हीकडची घाण मिळते. आणि टीव्ही-लॅपटॉप-मोबाईल सगळं ५ वर टाका, २.४ फक्त त्या वायफायच्या बल्ब आणि कॅमेऱ्यांना. मायक्रोवेव्ह चालू असताना २.४ वर कॉल तुटणार, ते पण लक्षात असू द्या, ओव्हन पण त्याच पट्ट्यात चालतो.

गावात एकाकी घर असेल तर ह्यातलं काही लागू नाही, तुमच्या हवेत गर्दीच नसणार. हेवा वाटतो.

पडवी_ऑफिस:
सगळ्यांचे आभार. @नेटाने तुम्ही सांगितलं तसं केलं, भावाच्या जुन्या लॅपटॉपला लॅनचं भोक होतं. आकडे देते.

सकाळी वायरवर स्पीडटेस्ट ९४, फास्टवर ९१. रात्री नऊच्या सुमाराला वायरवरच स्पीडटेस्ट परत ९३!! मी म्हटलं झालं, लाईन तर उत्तम आहे. पण फास्टवर ११. पिंग बॉक्सला १, आणि ८.८.८.८ ला सकाळी १० च्या आसपास होता तो रात्री १५० ते ४०० उड्या मारत होता, मधे मधे टाइमआउट. हे काय गौडबंगाल आहे, एक जण ९३ म्हणतो आणि एक ११, दोघांत खोटं कोण बोलतंय?

बॉक्सवर ३०० एमबीपीएस वायरलेस एन लिहिलंय, दोन काड्या आहेत. ५ नाही बहुतेक. आणि १०० च्या प्लॅनला ९४ च का, ६ कोणाच्या घशात गेले?

डबी_उघडणारा:
मी याच धंद्यात आहे, शेजारच्या तालुक्यात, त्यामुळे आमच्याच लोकांची थोडी पोलखोल करतो, माफ करा रे सगळ्यांनी.

९४ बरोबर आहे, कोणी खाल्ले नाहीत. स्वस्तातल्या बॉक्सचा लॅन पोर्ट १०० चा असतो आणि त्यातून पॅकेटांचे हेडर-बिडर (पत्ते वगैरे) वजा जाता ९४-९५ च हाती लागतात. म्हणजे बघा, ३०० चा प्लॅन घेतला असतात तरी या बॉक्सवर वायरने ९४ च दिसले असते. वायफायवर पण तेच, ३०० हा डब्यावरचा आकडा. ४० ची विड्थ आणि दोन्ही काड्या मिळून कागदावरची बेरीज आहे ती. २० वर ती १४४ होते आणि खरं हातात निम्म्याच्या आसपास येतं, तुमचे ओटीवरचे ६०-७० तेच आहेत. प्लॅन वाढवायच्या आधी बॉक्स कुठला देणार हे विचारायचं, हे आमच्यातले कितीक जण स्वतःहून सांगत नाहीत.

आता ९३ आणि ११. खोटं कोणीच बोलत नाही. स्पीडटेस्ट जवळचा सर्व्हर शोधते, आणि तो खूपदा तुमच्या नेट देणाऱ्या कंपनीच्याच नेटवर्कमध्ये किंवा अगदी शेजारी बसवलेला असतो. म्हणजे तुम्ही घरापासून कंपनीच्या दारापर्यंत मोजलंत, तिथपर्यंत रस्ता मोकळा आहे. फास्ट डॉट कॉम नेटफ्लिक्सचं आहे, ते नेटफ्लिक्सच्या सर्व्हरवरून मोजतं, तिथे जायला बहुतेक वेळा दाराबाहेर पडावं लागतं, आणि कोंडी तिथे आहे. तुमच्या केबलवाल्याने वरून जेवढी बँडविड्थ विकत घेतलीय तेवढ्यात रात्री आठ ते अकरा सगळं गाव घुसतं. शिमग्याला गावात येणारी एकच एसटी आणि मुंबईचे सगळे चाकरमानी, तसा प्रकार.

पण केबलवाल्याशी भांडायच्या आधी एक खात्री करा, नाहीतर तो हेच म्हणणार की तुमच्या घरातच कोणीतरी ओढतंय, आणि निम्म्या वेळा आमचं बरोबर असतं. रात्री सगळ्यांचे मोबाईल, टीव्ही, सीसीटीव्ही असेल तर तो, सगळं वायफायवरून काढा, बॉक्सचं वायफायच बंद करून टाका आणि फक्त तो वायरचा लॅपटॉप ठेवून परत तेच मोजा. मोबाईल संध्याकाळी चार्जिंगला लावला की फोटोंचा बॅकअप चालू होतो, तो अपलोड भरतो आणि अपलोड भरला की पिंग आकाशात, मग डाउनलोड कितीही मोकळा असू दे. नवरात्र-गणपतीनंतर याच्याच तक्रारी येतात, घरातल्या पाच मोबाईलमध्ये प्रत्येकी हजार फोटो.

अजून एक. बॉक्सच्या पेजवर (ब्राउझरमध्ये बॉक्सचा पत्ता टाकला की उघडतं) ऑप्टिकल पॉवर म्हणून आकडा असतो, आरएक्स पॉवर, म्हणजे बॉक्सपर्यंत किती प्रकाश पोचतो, तो काय आहे ते सांगा. उणे १५ ते उणे २५ डीबीएममध्ये असेल तर निश्चिंत राहा. उणे २७ च्या पलीकडे गेला की बॉक्स आंधळा व्हायला लागतो. लोकांना वाटतं पॉवर जरा कमी म्हणजे स्पीड जरा कमी, तसं नसतं, फायबरला एका मर्यादेपर्यंत काही फरक पडत नाही आणि काठावर गेलं की चुका, तुटणं, एलओएसचा (सिग्नल गेल्याचा) लाल दिवा. काठावर जायची कारणं कोकणात भरपूर, वानरं केबलला लोंबकळतात, नारळाची झावळ पडते, खांबावरच्या जॉइंटच्या डबीत पाणी जातं. आणि घरात सगळ्यात जास्त वेळा, टीव्हीमागे ती बारीक पिवळी किंवा पांढरी वायर कोणीतरी नीटनेटकी दिसावी म्हणून घट्ट गुंडाळून खिळ्याला बांधलेली असते. ती वळवायची नसते अशी, प्रकाश वळणावरून बाहेर सांडतो.

खवचट_काका:
शिमग्याची एसटी हे ट्रायच्या (दूरसंचारवर नियम करणारी सरकारी संस्था) पुढच्या व्याख्येत घाला.

पडवी_ऑफिस:
@डबी_उघडणारा साहेब तुम्ही आमच्या घरात कॅमेरा लावलाय का? पिवळी वायर बाबांनी खिळ्याला गुंडाळूनच ठेवली होती, अगदी सुबक. सोडवली. आधी उणे २५.८ दाखवत होतं आता उणे २१.४ आहे. स्पीडमध्ये काही बदल नाही, तुम्ही म्हणालात तसंच, पण पावसात दिवसातून एकदा-दोनदा लाल दिवा लागायचा तो बहुतेक यामुळेच असणार.

रात्रीची टेस्ट वायफाय बंद करून केली, घरात थोडा हलकल्लोळ झाला पण केली. फास्टवर १४, पिंग २०० च्या वर. म्हणजे घरातलं नाही. वायफाय परत चालू केल्यावर मात्र पिंग अजून वाईट, ५००-६००, खळ्यातला कॅमेरा चोवीस तास क्लाउडवर चढवत असतो तो आणि मोबाईलचे फोटो, दोन्ही निघाले. कॅमेरा आता फक्त हालचाल झाली की चढवेल असं केलंय, नाहीतर झोपलेला कुत्रा रात्रभर क्लाउडवर जात होता. फोटो बॅकअप रात्री साडेबारानंतर करायचं काही सेटिंग सापडलं नाही म्हणून सध्या कॉल संपला की मी स्वतः चालू करते.

आता पडवीचं आणि केबलवाल्याचं सांगा. गावात तो एकटाच आहे हे पण लक्षात घ्या, भांडण करून परवडणार नाही.

नेटाने:
पडवीचं सोपं आहे. तो बॉक्स ओटीवरून माजघरात आणा. फायबर आत वाढवायला केबलवाल्याला सांगा, तो पॅच कॉर्ड किंवा थोडी केबल टाकून देईल. घराच्या मध्यावर, उंचावर, आणि त्या पवित्र कपाटापासून लांब. लोखंड सिग्नल अडवतं. कपाटाच्या वर ठेवू नका, लोक हमखास तिथेच ठेवतात. मग माजघरातून पडवीपर्यंत लॅनची वायर न्या आणि पडवीत एक साधा ड्युअल बँड राउटर लावा, अॅक्सेस पॉइंट मोडमध्ये, म्हणजे तो फक्त वायफाय देईल. हा मोड नसेल तर त्याचं डीएचसीपी (पत्ते वाटायचं काम) बंद करा, पत्ता बदला (बॉक्सचा १९२.१६८.१.१ असेल तर याला १९२.१६८.१.२ द्या) आणि वायर त्याच्या वॅनच्या (बाहेरचं नेट घेणाऱ्या) नाही तर लॅनच्या पोर्टला लावा. हे नाही केलं तर डबल नॅट होतं, म्हणजे एकाच घरात दोन वेगळी नेटवर्क, नेट चालेल पण ओटीवरच्या प्रिंटरला पडवीतला लॅपटॉप दिसणार नाही. दोन्हींना वायफायचं नाव-पासवर्ड एकच दिलात तर मोबाईल स्वतःच हलेल. कामाचा लॅपटॉप मात्र वायरवरच ठेवा.

वायर घेताना बघा. देवरुखात काय किंवा कुठेही इलेक्ट्रिकच्या दुकानात ३०५ मीटरच्या बॉक्समधून कापून देतात, त्यातली बरीच सीसीए असते, म्हणजे अॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. ब्लेडने तार खरवडून बघा, आत पांढरी निघाली तर नको. पूर्ण तांब्याची कॅट ५ई पुरे, १०० मीटरपर्यंत गिगाबिट जाते, घरात कॅट ७-८ च्या नादाला लागू नका. आणि आतल्या तारांच्या चारही जोड्या पिनमध्ये क्रिम्प करायला सांगा. काही जण दोनच लावतात, त्यावर १०० च चालतं. आज तुमचा बॉक्सच १०० चा आहे म्हणून कळणार नाही, उद्या बॉक्स बदलाल तेव्हा कळेल.

भोकासाठी चिऱ्यात ड्रिल मारायची गरज नाही बहुतेक, दाराच्या चौकटीवरून पट्टीतून काढा.

डबी_उघडणारा:
बॉक्स हलवायचे आमच्याकडे पोरं दोन-तीनशे घेतात, चहा दिलात तर खालच्या अंगाने.

रात्रीच्या कोंडीसाठी एक सांगतो, केबलवाल्याला "नेट स्लो आहे" असं फोनवर कधीच सांगू नका. त्यावर आमचं उत्तर पाठ आहे, बॉक्स बंद करून चालू करा. तुमच्याकडचे सकाळ-रात्रीचे दोन्ही स्क्रीनशॉट आणि पिंगचा फोटो त्याला पाठवा आणि विचारा की तुमचा अपलिंक (वरून घेतलेली लाईन) रात्री किती टक्के भरतो, आणि गूगल-नेटफ्लिक्सचा कॅशे (त्यांच्या व्हिडिओंचा जवळ ठेवलेला साठा) तुमच्याकडे आहे का. हे शब्द ऐकले की समोरचा सरळ बसतो. लहान केबलवाला स्वतः मोठ्या कंपनीचा गिऱ्हाईक असतो, त्याला पण वरच्याशी भांडायला पुरावा हवाच असतो. कधी कधी वरून एक लाईन बदलली की महिन्यात फरक पडतो.

फक्त परदेशी साइटच हळू असतील तर तो वेगळा विषय. सप्टेंबर २०२५ मध्ये जेद्दाजवळ लाल समुद्रात केबल तुटल्या होत्या तेव्हा आमच्याकडे पण शेकड्याने फोन, केबलवाला काय करणार तिथे, पाणबुड्या पाठवणार? पण तुमचं दर रात्रीचं आहे आणि ८.८.८.८ पण बोंबलतंय, तो काय अमेरिकेत नसतो, मुंबईतून उत्तर देतो, म्हणून तर सकाळी १० चा पिंग आला. तेव्हा दोष इथलाच.

नियमात_बसवा:
भांडण नको हे बरोबर पण कागद हवा. तक्रार फोनवर केलीत तरी डॉकेट नंबर (तक्रारीचा क्रमांक) घ्याच. ट्रायच्या २०१२ च्या नियमांप्रमाणे तक्रार केंद्राने समाधान केलं नाही तर त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे जाता येतं, त्यांनी ३९ दिवसांत निकाल द्यायचा असतो. हे तुमच्या गावातल्या माणसाच्या विरुद्ध जात नाही, ज्या कंपनीच्या नावावर बिल येतं तिच्याकडे जातं. त्याउपर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. ट्राय स्वतः एकेका गिऱ्हाईकाची तक्रार सोडवत नाही, लोक तिथे मेल टाकून वाट बघत बसतात.

प्लॅनच्या बारीक अक्षरात एफयूपी (किती डेटा वापरल्यावर स्पीड कमी करतात ती मर्यादा) किती ते बघून ठेवा. अनलिमिटेड म्हणून विकलेल्या बऱ्याच प्लॅनला महिन्याला ३,३०० जीबीची मर्यादा असते. तुम्ही तिथे पोचणार नाही, पण छोट्या केबलवाल्यांचं एफयूपी कधी कधी बरंच कमी असतं आणि मग महिनाअखेरीलाच नेट हळू होतं.

गुहागरकर७:
ग्रामपंचायतीत भारतनेटचं, म्हणजे सरकारी योजनेचं, फायबर आलंय का बघा, तिथून बीएसएनएल घरांना कनेक्शन देते, उद्यमी म्हणून गावातलाच कोणीतरी ते चालवतो. आमच्याकडे स्पीड थोडा कमी पण रात्री पडत नाही. दुसरी लाईन म्हणून स्वस्तातला प्लॅन ठेवायचा. ५जी आलं असेल तर एअरफायबर (५जी वरून घरात बिनतारी नेट), पण तुमची एक कांडी बघता नाहीच ते.

आणि नेटाने भाऊंनी पटवलं, मी पण वायर टाकतोय.

पडवी_ऑफिस:
अपडेट देते, अर्धं जमलंय.

बॉक्स माजघरात आला. दारावरून पट्टीतून वायर, पडवीत राउटर. पडवीत आता वायरवर ९४ आणि मोबाईलवर ५ च्या बँडवर ९० च्या आसपास, ओटीवर थोडं कमी झालं, टीव्ही ५०-५५ वर चालतो आणि बाबांना फरक कळलेला नाही. पहिल्या दुकानात तार खरवडून बघितल्यावर मालकाला राग आला आणि तार पांढरीच निघाली, दुसरीकडून घेतली.

केबलवाल्याला स्क्रीनशॉट पाठवले. आधी म्हणाला बॉक्स बंद करून चालू करा 😀 मग अपलिंकचं विचारलं तर म्हणाला वरच्यांना सांगून दोन लाईनी झाल्यात, दुसरीवर तुम्हाला टाकून बघतो. टाकलं. रात्री फास्टवर आता ४०-४५ येतात, पिंग ६०-७०, कॉल तुटत नाही, गणपतीत काय होईल ते बघू. पंचायतीत भारतनेटची चौकशी करतेय, दुसरी लाईन घेणारच.

आता एक शेवटचं. आमच्याकडे मे मध्ये आणि परतीच्या पावसात विजा भयंकर पडतात, मागे टीव्ही आणि एक बॉक्स दोन्ही एकाच रात्रीत गेलेत. फायबर काचेचं असतं मग बॉक्स कसा जळतो? आणि आता वायर लांब झालीय तर दोन्ही जळतील का?

डबी_उघडणारा:
काचेतून वीज येत नाही, पण तुमच्या घरापर्यंत जी काळी केबल येते तिच्यात ताण सहन करायला स्टीलची तार असते. ती बॉक्सपर्यंत नेलेली नसावी, घराच्या बाहेरच कापून हुकाला अडकवलेली असावी, बघून घ्या. जळतो तो बहुतेक वेळा अडॅप्टरमधून, महावितरणच्या लाईनवरून. त्यामुळे गडगडायला लागलं की अडॅप्टर सॉकेटमधून उपटायचा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. पडवीतल्या राउटरचा पण उपटा आणि दोघांमधली लॅनची वायर एका टोकाला काढून ठेवा. घरातल्या घरात वायर आहे म्हणून धोका कमी, पण खळ्यातून गोठ्यात वगैरे लॅन नेऊ नका, तिथे न्यायचं झालं तर फायबरच न्या.

तेवढ्यात कॉल असेल तर १२ व्होल्टचा छोटा राउटर यूपीएस मिळतो, दीड-दोन हजारात. दोन घ्या, बॉक्सला एक आणि पडवीत एक. वीज कडाडली की भिंतीतला प्लग काढायचा आणि कॉल बॅटरीवर चालू ठेवायचा. घेताना बॉक्सच्या अडॅप्टरवर किती अँपिअर लिहिलेत ते बघून घ्या, १२ व्होल्ट १ अँपिअरचा यूपीएस दीड-दोन अँपिअरच्या बॉक्सला लावला तर तो मधेच रिस्टार्ट होत राहतो आणि परत तुम्ही आम्हालाच फोन करणार.